उत्तम वळू आणि त्याच्या वंशांतील लपलेला दोष

वळूची निवड त्याच्या आईचें व लेकींचें दूध पाहून करावी, हा नियम शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. तो खोटा नाहीं. परंतु दुधाच्या नोंदवहींत न उमटणारा दोषहि वंशांत असूं शकतो. तो हुडकण्याचें साधन म्हणजे जनुकांचें क्रमवाचन होय. त्याचा एक दाखला आम्हीं येथें देत आहों.

प्रत्येक जनावराच्या पेशींत त्याच्या घडणीचा लेख असतो. त्याची एक प्रत बापाकडून व एक आईकडून येते. गाईच्या एका प्रतींत चार अक्षरांच्या वर्णमालेनें लिहिलेलीं सुमारें पावणेतीनशें कोटि अक्षरें असतात. हा लेख ओळीनें वाचणें म्हणजे क्रमवाचन. गाईचा असा लेख २००९ सालीं प्रसिद्ध झाला. जमिनीचे दोन उतारे ताडून पाहतां फेरफार दिसतो, तसा दोन जनावरांचे लेख ताडतां अक्षरांतील फरक दिसतो.

अमेरिकेंत १९६२ सालीं 'पॉनी फार्म अर्लिंडा चीफ' नांवाचा होलस्टीन वळू जन्मला. त्याच्या लेकी दुधास उत्तम निघाल्या. कृत्रिम रेतनामुळें त्याला १६,००० लेकी, ५ लक्ष नाती व २० लक्षांहून अधिक पणत्या झाल्या. पुढें २०११ सालीं हजारों जनावरांच्या जनुकखुणा तपासतां असें आढळलें कीं, पांचव्या गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा कित्येक जनावरांत एकेरी आहे, पण दुहेरी एकाहि जिवंत जनावरांत नाहीं. जें जन्मासच येत नाहीं, तें गोठ्यांत कसें दिसावें? माग चीफपर्यंत पोंचला. त्याचा लेख वाचतां 'एपीएएफ १' या जनुकांत 'सी'च्या जागीं 'टी' हें अक्षर सांपडलें. तेवढ्यानें मध्येंच समाप्तीची खूण पडते व गर्भास लागणारें प्रथिन अपुरें राहतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें या दोषानें जगांत सुमारें ५,२५,००० गर्भ गेले व ४२ कोटि डॉलरांची हानि झाली.

हिशेब सोपा आहे. दोषाची एकच प्रत असलेलें जनावर धडधाकट असतें. त्यास वाहक म्हणतात. वाहक वळू व निर्दोष गाय यांच्यापासून निम्मीं वासरें वाहक होतात, पण या दोषानें गर्भ जात नाहीं. दोघेंहि वाहक असल्यास सरासरीनें चारांत एक गर्भ मरतो. गाय पुन्हां माजावर येते आणि धनी चाऱ्यास बोल लावतो.

चीफच्या वंशानें दूध पुष्कळ वाढविलें, हेंहि विसरतां कामा नये. वाहक वळू टाकाऊ नव्हे. जुळणी मात्र सांभाळावी लागते. आपल्याकडे होलस्टीन संकराच्या गाई पुष्कळ असल्यानें आमची सूचना अशी :

१. रेतकांडी घेतांना वळू 'एचएच १' दोषापासून मुक्त असल्याचा दाखला विचारावा.

२. प्रत्येक रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक वहींत लिहावा. लेकीस तिच्या बापाचें किंवा भावाचें रेत देऊं नये.

३. गाय वारंवार उलटल्यास प्रथम पशुवैद्यास दाखवावी. कारण न सांपडल्यास वळूची वंशावळ पाहावी.

४. खिलार, देवणी, डांगी यांच्या पैदाशीसहि गांवानें वर्षानुवर्षें एकाच वळूवर विसंबूं नये.

दुधाची नोंद वळूचा गुण सांगते. दोष ओळखण्यास वंशाची नोंदहि तितकीच जपली पाहिजे.