काटक अंगातही रक्तवाहिनी चोंदते

मागच्या अंकात रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होण्याच्या आजारावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे, कोणतं तेल खावं? त्याचं उत्तर देतोच, पण आधी त्याहून महत्त्वाचं पत्र घेतो.

मी ४६ वर्षांचा, दोन एकर सोयाबीन-तूर करणारा माणूस. वजन ५४ किलो. अँजिओग्राफीत दोन नसा चोंदलेल्या निघाल्या. माह्या आंगात चरबी नाही, मंग ब्लॉकेज आलं कुठून?
*— एक शेतकरी, मंगरूळपीर तालुका*

ठिबकची नळी क्षारानं बुजते तशी रक्तवाहिनी बुजते, असं आपल्या मनात असतं. पण ते तसं नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं. रक्तदाब, तंबाखू, साखर यांनी ते दुखावलं की एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली, थेट भिंतीत शिरतं. पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि तिथेच फुगून मरतात. वर्षानुवर्षं हे चालतं, वर साय धरते, पुढे त्यात कॅल्शियम बसून भिंत कडक होते. म्हणून भिंतीतला हा साठा ठिबकसारखा ॲसिड सोडून धुता येत नाही. ही साय एखाद्या दिवशी फाटते, तिच्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी होते, आणि त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. चाळीस टक्के ब्लॉकेज असलेल्यालाही तो येतो, तो यामुळे.

आता तुमच्या काटकपणाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्यातल्या पुष्कळांची चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात, आतड्या-यकृताभोवती असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणकामाच्या टेपवर विश्वास ठेवा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘खर्रा सोडला तर व्यसन नाही.’ दिवसाला किती पुड्या, ते लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा मात्र पानठेल्यावर पन्नीत डोळ्यांदेखत घोटून मिळतो आणि आपण त्याला व्यसनात धरत नाही. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, हा गैरसमज मला रोज ऐकायला मिळतो. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट अटॅकची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. त्याच अभ्यासात बिडी-सिगारेट, मधुमेह आणि रक्तदाब हे तिन्ही एकाच माणसात असले तर शक्यता सुमारे तेरापट दिसली. हे धोके एकमेकांना गुणतात, नुसते मिळत नाहीत. तुमच्यासाठी गोळ्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट खर्रा बंद करणं, आणि तो आजच. ‘कमी करतो’ हे चालणार नाही.

सोयाबीन तेल चांगलं की घाण्याचं शेंगदाणा तेल? यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे असं रिपोर्टवर छापलंय, तरी डॉक्टर गोळी बंद करू देत नाहीत.
*— एक गृहिणी, कारंजा*

दोन्ही चालतील, आलटूनपालटून वापरा. प्रश्न किती तेल, याचा आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच-तीन लिटरवर जाऊ नये. भज्यांचं तेल गाळून पुन्हा तळणाला घेऊ नका. वनस्पती तुपापासून लांबच राहा. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण म्हणून ते पथ्याचं झालेलं नाही. मार्गशीर्षातले रोडगे खा, त्यावरच्या तुपाला हात आखडता घ्या. तेलाच्या वादात मीठ मात्र सुटून जातं. दिवसाला माणशी एक चमचा, पाच ग्रॅम. त्यातच पापड, लोणचं आणि ठेचाही आला.

रिपोर्टबद्दल. उजव्या रकान्यातला ‘नॉर्मल’ हा निरोगी माणसासाठी असतो. तुमच्या यजमानांना स्टेंट बसवलेला आहे. त्यांचं एलडीएल ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्याही खाली हवं. आकडा खाली आलाय तो गोळीमुळेच. ती थांबवली की महिना-दोन महिन्यांत तो पुन्हा वर जाईल. डॉक्टर बरोबर आहेत.

शे-दीडशे पावलं चाललो की पोटरी आवळून येते, उभा राहिलो की जाते. सगळे म्हणतात वय झालं. वय ६७, मधुमेह १२ वर्षांचा, बिडी दोन वर्षांपूर्वी सोडली.
*— एक निवृत्त शिक्षक, रिसोड*

गुरुजी, वय होणं म्हणजे पोटरी आवळणं नव्हे. ठराविक अंतरावर दुखणं आणि नुसतं उभं राहिल्यानं थांबणं, ही पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण आहे. मणक्याचं दुखणं असतं तर बसल्याशिवाय किंवा पुढं वाकल्याशिवाय आराम पडला नसता. घोट्यावरचा रक्तदाब आणि दंडावरचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढायला सांगा. ०.९ च्या खाली आलं तर निदान पक्कं. जुन्या मधुमेहात मात्र भिंती इतक्या कडक होतात की आकडा फसवा, १.४ च्या वर येतो. तेव्हा पायाची डॉपलर तपासणी लागते.

आणि चालणं बंद करू नका. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की परत चाला, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. तीन महिन्यांत अंतर वाढतं. यासोबत हृदयाचीही तपासणी करून घ्या, कारण पायात जे झालंय ते सहसा एकट्या पायात नसतं. रोज रात्री तळपाय बघा, अनवाणी शेतात जाऊ नका, बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. बिडी सोडलीत, ते फार चांगलं केलंत.

सलाईन लावून ऑपरेशनशिवाय नसा साफ करतात म्हणे?
*— वाशीम*

करत नाहीत. पैसे वाचवा.

माझे वडील ४९ व्या वर्षी अटॅकनं गेले. मी ३१ चा. आमचा तांडा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. कोणत्या तपासण्या करू?
*— एक तरुण, मानोरा तालुका*

वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकारानं आजारी पडली असेल, तर तो घराण्याचा धोका धरतात. तो बदलता येत नाही, म्हणून बाकीचे सांभाळायचे. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. लिपिड प्रोफाइल एकदा करा, त्यासाठी बहुतेकांना उपाशी राहावं लागत नाही. लिपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरे. तो अंश जन्मजात असतो, आणि जास्त निघाला तर एलडीएलचं लक्ष्य अधिक कडक ठेवावं लागतं.

हे सगळं निघण्याआधी करा. रक्तदाबाची गोळी सुरू झालीच, तर हंगामभर पुरेल इतका साठा कसा मिळेल ते डॉक्टरांना विचारा, आणि चिठ्ठी जवळ ठेवा. फडावर असताना छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर पित्त समजून सोडा पिऊन रात्र काढू नका. १०८ ला फोन लावा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त काम करतं. मुकादमाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडीसाठी त्या वेळी वाद घालावा लागणार नाही.