पेशींतील हमाल

बोट कापलें, थोडें रक्त आलें आणि कांहीं मिनिटांत तें आपोआप थांबलें, ही गोष्ट आपण इतक्या वेळां पाहतों कीं तिचें नवल वाटेनासें झालें आहे. परंतु त्या थांबण्यामागें रक्तांतील अनेक प्रथिनांची साखळी काम करीत असते. या प्रथिनांना रक्त गोठविणारे घटक म्हणतात व त्यांतील बहुतेकांना क्रमांकानें ओळखतात. त्यांपैकीं पांचवा व आठवा या दोन घटकांना पेशीबाहेर पोंचविण्यास मदत करणाऱ्या एका जनुकाची माहिती आम्ही या लेखांत देत आहों.

आठवा घटक उपजत कमी असला म्हणजे हिमोफिलिया 'अ' हा रोग होतो. या घटकाचें जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळें तो रोग मुख्यतः मुलग्यांत दिसतो. पांचव्या घटकाचें जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे या दोघांचीं घरें अगदीं निराळीं. असें असतां, हे दोन्ही घटक एकदमच कमी असल्याची नोंद १९५४ सालीं वैद्यकीय ग्रंथांत झाली. पुढें असे आणखी रुग्ण आढळले. त्यांत मुलगे होते तशा मुलीही होत्या. आईबाप मात्र बहुधा निरोगी. दोन निरनिराळ्या जनुकांत एकाच वेळीं बिघाड होण्याचा योग पुनः पुनः कसा यावा? १९८० च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं असा तर्क केला कीं, दोन्ही घटक पुरेसे तयार होतात, पण रक्तांत त्यांचा नाश फार लवकर होत असावा. तो तर्क पुढें टिकला नाहीं.

उत्तर समजण्यासाठीं पेशीच्या आंत डोकावलें पाहिजे. बाहेर पाठवावयाचें प्रथिन आंतर्द्रव्यजालिका नांवाच्या पातळ पडद्यांच्या जाळ्यांत तयार होतें. तेथें त्याची घडी नीट बसते व त्यावर शर्करेच्या लहान साखळ्या जोडल्या जातात. मग तें एका अतिसूक्ष्म पिशवींत भरलें जाऊन गॉल्जी संकुलाकडे जातें. हें संकुल इटलीचे शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनीं १८९८ सालीं प्रथम दाखविलें. तेथें शेवटचे संस्कार झाले कीं प्रथिन पेशीबाहेर पडतें. पिशव्यांची ही वाहतूक कशी चालते हें उलगडल्याबद्दल रँडी शेकमन, जेम्स रॉथमन व थॉमस झ्यूडहॉफ यांना २०१३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. शेकमन यांनीं आपलें काम साध्या यीस्टवर केलें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

आतां, पिशवींत कोणता माल चढवावयाचा हें कसें ठरतें? कांहीं मालाकरितां खास हमाल नेमलेले असतात. असा एक हमाल अठराव्या गुणसूत्रावरील 'एलमॅन १' या जनुकाच्या आज्ञेवरून बनतो. हें प्रथिन पडद्यांत रोवलेलें असतें. त्याच्या आंतल्या बाजूस मॅनोज नांवाच्या शर्करेला धरणारा हात असतो. 'एमसीएफडी २' हें दुसरें छोटें प्रथिन त्याला चिकटून असतें व कॅल्शियमच्या साह्यानें आपलें काम करतें. दोघें मिळून पांचव्या व आठव्या घटकांना पकडून पिशवींत बसवितात. पुढच्या मुक्कामीं आम्लता वाढते व कॅल्शियम घटतें. त्यामुळें पकड सैल होऊन माल सुटतो, असें मानतात. रिकामा हमाल परतीच्या पिशवींतून मूळ जागीं येतो. त्याच्या शेपटाशीं चार अमिनो आम्लें असतात: दोन फेनिलअॅलनिन व दोन लायसिन. पहिलीं दोन त्याला निघण्याची खूण देतात, दुसरीं दोन परत येण्याची.

अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे डेव्हिड गिन्सबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं अशा रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, आणि १९९८ सालीं कोडें सुटलें. दोन्ही घटकांचीं जनुकें धड होतीं; बिघाड एलमॅन १ मध्यें होता. ज्या कांहीं कुटुंबांत तें जनुकही निर्दोष आढळलें, तेथें दोष एमसीएफडी २ मध्यें असल्याचें २००३ सालीं दिसून आलें. माल उत्तम, पण उचलणारा नाहीं, म्हणून तो गोदामांतच अडून राहिला होता. तरीही थोडा माल हमालावांचून बाहेर पडतो. त्यामुळें या रुग्णांच्या रक्तांत हे घटक सामान्यतः नेहमीच्या ५ ते ३० टक्के असतात, व रक्तस्राव बहुधा सौम्य किंवा मध्यम असतो.

हा रोग फार विरळा आहे. साधारणतः दहा लाखांत एक असा अंदाज करतात. भारतांतही असे रुग्ण आढळले आहेत. बिघडलेलें जनुक आई व बाप या दोघांकडून आलें तरच रोग होतो. एकाकडूनच आलें तर मनुष्य निरोगी राहतो. दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. जवळच्या नात्यांतील विवाहांत असा योग अधिक येतो. आपल्याकडील आतेमामे भावंडांच्या विवाहांसही हें लागू आहे. यांत आईचा अपराध नाहीं व बापाचाही नाहीं. असें मूल जन्मल्यावर घरांत कोणास बोल लावणें हें केवळ अज्ञान होय.

पालकांनीं एवढें जाणून असावें. वारंवार नाकांतून रक्त येणें, दांत काढल्यावर तें लवकर न थांबणें, मुलीस मासिक स्राव अतिशय होणें, हीं लक्षणें दिसल्यास डॉक्टरांस सांगावें. रक्त गोठण्याच्या दोन प्राथमिक चाचण्या आहेत. हिमोफिलियांत त्यांपैकीं एकीचाच वेळ लांबतो. या रोगांत दोहींचा लांबतो. हा भेद दुर्लक्षिला गेला तर रुग्णास केवळ आठवा घटक देण्यांत येईल व शस्त्रक्रियेच्या वेळीं पांचव्याची उणीव तशीच राहील. ती भरून काढण्यास ताजा गोठवलेला रक्तद्रव देतात. रोगाचें नांव बरोबर कळणें याची किंमत येथें प्राणाएवढी असूं शकते.

विद्यार्थिमित्रहो, दोन उणिवा एकत्र दिसल्या तेव्हां शास्त्रज्ञांनीं दोघींची वाट कोठें एक होते हें शोधलें. प्रयोगशाळेंत व घरींही ही रीत उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें.