पदकाच्या कडेवरचे नाव

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने निघावे, मध्ये गाडी बदलून स्लोन स्क्वेअरला उतरावे आणि थोडे चालावे, म्हणजे चेल्सीतले नॅशनल आर्मी म्युझियम लागते. हे संग्रहालय 1960 साली सँडहर्स्ट येथे सुरू झाले आणि 1971 मध्ये चेल्सीला आले. आत जायला तिकीट नाही. मुले बहुधा नेपोलियनच्या मारेंगो घोड्याच्या सांगाड्यापाशीच रेंगाळतात, आणि ते साहजिकच आहे. पण मराठी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना तेथे आणखी काही शोधता येईल. 1947 पूर्वीच्या हिंदी फौजेच्या वस्तूही या संग्रहालयाने जपल्या आहेत, आणि त्या फौजेत कोकणातले बेने इस्राएल होते.

कोकणच्या गावांत तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे हे लोक, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. अठराव्या शतकात त्यांच्यापैकी अनेकजण मुंबईला येऊन कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले नाव. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. तुम्ही कोण, असे विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले, आणि हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांना वाचवले, असे आजी-आजोबा सांगत आले आहेत. सुटून आल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. तीच आपली ‘जुनी मशीद’.

पुढच्या शतकात मुंबईच्या फौजेला सिंधमध्ये, बोलन घाटात आणि त्यापलीकडे कंदाहारपर्यंत जावे लागले. भातखाचरांच्या मुलखातला माणूस वायव्य सरहद्दीच्या उघड्या डोंगरांत पहारा करू लागला. दुसऱ्या अफगाण युद्धात 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला. सुमारे अडीच हजार सैनिकांपैकी नऊशेंहून अधिक मारले गेले. गोऱ्यांची पायदळ पलटण एकच होती, सहासष्टावी. बाकीचे पायदळ म्हणजे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. (नावावरून फसू नका. हा जॉन जेकब इंग्रज सेनाधिकारी होता, आपल्यातला नव्हे.)

लंडनजवळच्या रेडिंग शहरात, फोर्बरी बागेत, 1886 साली उभा केलेला लोखंडी सिंह आहे. तो सहासष्टाव्या पलटणीचे स्मारक. त्या पलटणीच्या मृतांची नावे तेथे कोरली आहेत. त्याच दिवशी, त्याच मैदानावर पडलेल्या ग्रेनेडियर शिपायांची नावे तेथे नाहीत. सहासष्टाव्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा मात्र लढाईतून वाचला, विलायतेत आला, राणी व्हिक्टोरियाच्या हातून त्याला पदकही मिळाले. पेंढा भरलेला बॉबी आज सॉल्झबरीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत बसलेला आहे.

मग शिपायाचे नाव कुठे सापडायचे? पदकाच्या कडेवर. अफगाण युद्धाचे चांदीचे पदक पाहताना लोक राणीचा मुखवटा आणि मागच्या बाजूचे चित्र पाहतात. नाव असते कडेच्या बारीक पट्टीवर: हुद्दा, नाव, पलटण. फितीवर काबूल, कंदाहार अशा लढायांच्या पट्ट्या लावत. मैवंदची पट्टी कधी काढलीच नाही, कारण ती लढाई हरली होती. तेथे लढलेल्याच्या पदकावर पट्टी नसली तरी कडेवर त्याचे नाव मात्र असते.

येथे दुसरी अडचण उभी राहते. शमुवेलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. हजेरीपटावर अशी नावे इतर मराठी नावांच्या रांगेत बसून जातात. इंग्रज कारकुनाने ऐकू आले तसे ते इंग्रजीत उतरवले, म्हणजे आणखी एक पडदा पडला. दिवेकर, केहिमकर, पेणकर अशी गावावरून पडलेली आडनावे पुष्कळदा लिहिलीच जात नसत. कडेवरचे नाव आपले आहे, हे ओळखण्यासाठी आधी मराठी कान हवा. हे काम संग्रहालयाच्या पाटीवर सोडून भागत नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी हे वेळीच जाणले. 1897 च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या बेने इस्राएलांच्या इतिहासात सुभेदार-जमादारांची नावे आहेत. तो ग्रंथ छापला गेला तो 1937 मध्ये, तेल अवीवला. तोपर्यंत पलटणींत बेने इस्राएल उरले होते थोडेच. जातवार तुकड्या करण्याची पद्धत आली आणि एवढ्याशा समाजाची वेगळी तुकडी होईना. एके काळी सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढलेल्या घरांतली मुले रेल्वेत, टपालात आणि कचेरीत गेली.

पुढच्या वर्गापर्यंत करायचे काम: घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला पणजोबांचे, खापरपणजोबांचे नाव विचारा. ते जसे घरात उच्चारत तसेच देवनागरीत लिहून आणा, आणि त्याखाली ते नाव इंग्रजी कारकुनाने किती प्रकारे लिहिले असते, ते लिहा. पदक, पट्टा किंवा पेन्शनचा कागद पेटीत असेल, तर कड भिंगाखाली पाहा. चांदी घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात.