मांसल वनस्पतींचें घरगुती संगोपन

मोरिवलीच्या चाळींतून व नव्या इमारतींखालून जातांना एक गोष्ट माझ्या नजरेस वारंवार येते. मे महिन्यांत गॅलरींत ज्या कोरफडी टवटवीत दिसतात, त्यांतील पुष्कळशा गणपतीच्या सुमारास नाहींशा झालेल्या असतात. उन्हानें त्या मेल्या नाहींत, पाण्यानें मेल्या. घरधनी मात्र हळहळून म्हणतो, "अहो, मी तर रोज न चुकतां पाणी घालीत होतों!"

हा अपराध माझ्याही हातून घडला आहे. एका वर्षीं मातोश्री गांवीं गेल्या आणि आपली ब्रह्मकमळाची कुंडी त्यांनीं माझ्या हवालीं केली. ज्याला आपण घरोघर ब्रह्मकमळ म्हणतों, तें हिमालयांतील खरें ब्रह्मकमळ नव्हे. तो मूळचा अमेरिकेंतील, रात्रीं फुलणारा एक निवडुंगच आहे. मीं आषाढ-श्रावणांत त्याला रोज सकाळीं तांब्याभर पाणी घातलें. मातोश्री परतल्या तेव्हां बुंधा शिजलेल्या भोपळ्यासारखा मऊ झाला होता. त्या मला कांहींच बोलल्या नाहींत. शेंड्याकडचें एक निरोगी पान कापून त्यांनीं तें चार दिवस फडताळावर कोरडें ठेवलें, मग मातींत खोंचलें. आज आमच्या घरीं जें झाड आहे, तें त्या पानाचें.

असें कां होतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. बहुतेक झाडें दिवसां आपलीं पर्णरंध्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेतात. त्या वेळीं त्यांचें बरेंच पाणी वाफ होऊन जातें. मांसल वनस्पतींची रीत बहुधा उलट असते. त्या रंध्रें रात्रीं उघडतात, वायु आम्लाच्या रूपानें सांठवितात आणि दिवसां दारें लावून त्या सांठ्यावर अन्न तयार करतात. या रहस्याचा माग आपल्याच देशांत लागला. मोरेव्हियन मिशनमधून दक्षिण हिंदुस्थानांत आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना असें आढळलें, कीं पानफुटीचें पान सकाळीं आंबट, दुपारीं बेचव व संध्याकाळीं किंचित् कडवट लागतें. त्यांचें तें पत्र 1815 सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें छापलें. (हाइनसाहेबांनीं पान चाखलें, म्हणून तुम्ही चाखूं नये. त्यांत विषारी द्रव्यें असून गुरांनाही त्यांपासून बाधा होते.)

जें झाड इतक्या काटकसरीनें जगतें, त्याच्या मुळांशीं पाणी तुंबलें, तर मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजूं लागतात. आपल्या भागांत वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्यें. म्हणून मिरग लागण्यापूर्वीं कुंड्या आंत, छपराखालीं, परंतु उजेडांत घ्याव्या. कुंडी मातीची, तळाशीं भोंक असलेली असावी. खालच्या बशींत पाणी सांचूं देऊं नये. एक वाटा बागेची माती, एक वाटा नदीची जाड वाळू, एक वाटा वाटाण्याएवढे विटेचे तुकडे आणि मूठभर चांगलें कुजलेलें शेणखत एवढें मिश्रण पुरे. समुद्राची वाळू घेऊं नये. तींत मीठ असतें.

पाणी केव्हां घालावें, याचा वार ठरवूं नये. एक कोरडी काडी मातींत खोल खुपसावी. ती ओली निघाली, तर तांब्या खालीं ठेवावा. उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं एकदां भरपूर पाणी लागेल. पावसाळ्यांत कित्येक आठवडे लागणारही नाहीं. पानें सुरकुतलीं तर झाड तहानलेलें आहे. पिंवळीं, मऊ व पारदर्शक झालीं तर त्याला अजीर्ण झालें आहे. ब्रह्मकमळ मात्र मूळचें रानांतल्या झाडांवर वाढणारें. त्याला सावली अधिक मानवते. पावसाळ्यानंतर कोणतेंही झाड एकदम ऑक्टोबरच्या उन्हांत ठेवूं नये, पानें भाजतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण होत. स्पिरिटांत भिजविलेल्या बोळ्यानें ते पुसून काढावे.

पालकांस एक विनंती. शेर, कांटेरी निवडुंग आणि ख्रिस्ताच्या कांट्यांच्या मुकुटावरून ज्याला नांव मिळालें तें मादागास्करचें झुडूप, या तिन्हींचा पांढरा चीक डोळ्यांस फार घातक आहे. लहान मुलांच्या हातीं लागतील अशा जागीं तीं ठेवूं नयेत. चीक डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ डोळा धुवावा व तत्काळ डॉक्टर गांठावा.

नवशिक्यानें पानफुटीपासून आरंभ करावा. तिचें पान नुसतें ओलसर मातीवर टाकलें, तरी कडांच्या खांचांतून चिमुकलीं रोपें फुटतात. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकींत तिची एक कुंडी आहे. ज्यांना पान हवें असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत यावें. येतांना रिकामी कुंडी आणावी, आणि तिला भोंक आहे ना, हें घरींच पाहून घ्यावें.