घंटा उशिरा का वाजली? टायमर आणि थ्रेडचा एक धडा

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत पडद्यावर जे मोठं घड्याळ दिसत होतं, ते मी लिहिलेलं होतं. त्याआधी शिपाईमामा पितळी घंटा घेऊन बसायचे, ६ मिनिटांना एक टोला, ७ मिनिटांना दोन. मी म्हटलं, कशाला? पायथॉनमध्ये टीकिंटर आहे, दोन तासांचं काम आहे. दोन तासांत झालंही. पण त्या घड्याळाने एका स्पर्धक मुलीचे २ गुण घालवले आणि ती एका गुणाने तिसऱ्या क्रमांकाला मुकली. 'वेळमर्यादेचे उल्लंघन' असा शेरा होता. नियमाप्रमाणे १५ सेकंदांची सवलत होती. परीक्षक मॅडमच्या हातातल्या घड्याळात तिचे ७ मिनिटे २२ सेकंद झाले होते. माझ्या पडद्यावर मात्र तेव्हा बरोबर ७:००. "तुझ्या घड्याळाकडे बघूनच मी शेवटचा परिच्छेद सावकाश घेतला," असं ती मला नंतर म्हणाली. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

हे २२ सेकंद गेले कुठे, ते शोधताना मी जे शिकलो ते इथे लिहितो. आपल्यापैकी बीसीएचे बरेच जण प्रोजेक्टला खिडकीवाला प्रोग्रॅम करतात, त्यांना उपयोग होईल.

कॉलेजच्या ऑफिसातली खिडकी डोळ्यांसमोर आणा. आत एकच क्लार्क. समोर रांग. एकाला बोनाफाईड हवं, दुसऱ्याला फीची पावती. क्लार्क एकाचं काम संपवतो आणि मग पुढच्याला घेतो. डेस्कटॉपवरचा कुठलाही प्रोग्रॅम असाच चालतो. बटण दाबलं, माऊस हलला, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, हे सगळे रांगेतले लोक. टीकिंटरमध्ये 'मेनलूप' म्हणतात तो हा क्लार्क. आता त्याने जुनी गुणपत्रिका शोधायला स्वतःच माळ्यावर जायचं ठरवलं, तर रांग तिथेच उभी. प्रोग्रॅमच्या बाबतीत यालाच आपण 'हँग झालं' म्हणतो. विंडोजमध्ये खिडकीने साधारण ५ सेकंद रांगेकडे बघितलं नाही, की वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी येते.

नवशिके 'टाइम.स्लीप(१)' लिहून घड्याळ करतात आणि खिडकी गोठते, कारण क्लार्कच एक सेकंद झोपतो. एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी 'आफ्टर(१०००, टिक)' वापरलं होतं. म्हणजे हजार मिलिसेकंदांनी 'टिक' हे फंक्शन बोलवा. टिक आकडा एकने वाढवायचं, पडद्यावर लिहायचं आणि शेवटी पुन्हा 'आफ्टर(१०००, टिक)'. (इथे टिकपुढे कंस द्यायचा नाही. दिला तर फंक्शन त्याच क्षणी चालतं आणि वाट बघणं राहूनच जातं. माझा एक अख्खा शनिवार यात गेलाय.)

माझी पहिली चूक हीच. 'आफ्टर' म्हणजे क्लार्कच्या टेबलावर चिकटवलेली चिठ्ठी, 'एक वाजता आठवण करा'. एक वाजता तो कोणाचं काम करत असेल, तर ते संपल्यावरच चिठ्ठी बघणार. म्हणजे हजार मिलिसेकंदांच्या आधी नक्की नाही, नंतर कितीही. शिवाय मी पुढची चिठ्ठी काम झाल्यावर लावत होतो. मोठे आकडे रंगवणं, पट्टीचा रंग बदलणं यात दरवेळी साधारण २५ मिलिसेकंद जात होते. ४२० टिक गुणिले २५, म्हणजे साडेदहा सेकंद. कोणालाच जाणवलं नाही, कारण थेंब थेंब गळत होतं.

दुसरी चूक, घंटेचा आवाज. ६व्या मिनिटाला मी जी ३ सेकंदांची ध्वनिफीत वाजवत होतो, ती संपेपर्यंत प्रोग्रॅम तिथेच थांबायचा. 'विनसाउंड'मध्ये 'असिंक' असा पर्याय द्यावा लागतो, तो मी दिला नव्हता. झाले साडेतेरा. इतर सगळे स्पर्धक इथपर्यंत सवलतीत बसले, म्हणून बोभाटा झाला नाही.

तिसरी चूक त्या मुलीच्याच वाट्याला आली. तिचं भाषण चालू असताना माझ्या मित्राने आधीच्या स्पर्धकाचे गुण भरून 'जतन करा' दाबलं. फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये जायची. नेटवर्क सुस्त होतं, ९ सेकंद लागले. तेवढा वेळ घड्याळ थांबलं आणि मग जिथे थांबलं तिथूनच पुढे मोजू लागलं. साडेबावीस.

आता दुरुस्ती. पहिली अगदी सोपी आहे: टिक मोजायचेच नाहीत. भाषण सुरू होताना 'टाइम.मोनोटॉनिक'कडून वेळ घेऊन ठेवायची आणि दर २०० मिलिसेकंदांनी आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची. मग टिक उशिरा आला तरी आकडा खरा येतो. साधं 'टाइम.टाइम' इथे नको, कारण मधेच संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलं गेलं तर ते उडी मारतं. मोनोटॉनिक मागे जात नाही.

पण खिडकी ९ सेकंद गोठली तर घंटा उशिराच वाजणार. त्यासाठी थ्रेड. क्लार्कने माळ्यावर शिपायाला पाठवायचं आणि स्वतः खिडकीवर राहायचं. 'थ्रेडिंग.थ्रेड'ला 'टार्गेट' म्हणून जतन करणारं फंक्शन द्यायचं (पुन्हा तेच, कंसाशिवाय) आणि 'स्टार्ट' म्हणायचं.

इथे एक कडक नियम पाळायचा: शिपायाने क्लार्कच्या रजिस्टरला हात लावायचा नाही. थ्रेडमधून पडद्यावरचं लेबल बदललं तर कधी चालतं, कधी अडकतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो. घरी दहादा चालतं आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर पडतं! म्हणून गुण भरलेल्या चौकटी मुख्य थ्रेडमध्येच वाचून घ्यायच्या आणि ते आकडे शिपायाच्या हातात द्यायचे. परत आल्यावर त्याने ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायची. हा ट्रे म्हणजे 'क्यू'. क्लार्क दर १०० मिलिसेकंदांनी 'आफ्टर'मार्फत ट्रेकडे बघतो. 'गेट_नोवेट'ने चिठ्ठी मिळाली तर 'जतन झाले' असं लिहितो, ट्रे रिकामा असेल तर पुढच्या कामाला लागतो. साधं 'गेट' वापरलं तर क्लार्क ट्रेसमोरच वाट बघत बसेल, म्हणजे पुन्हा गोठणं.

अपयशाचीही चिठ्ठी हवी. थ्रेडमध्ये एरर आली तर ती खिडकीपर्यंत आपोआप पोचत नाही, मागच्या काळ्या पडद्यावर छापली जाते आणि आपण समजतो गुण जतन झाले. ती थ्रेडमध्येच पकडून ट्रेमध्ये टाका. आणि फाइल लिहिणाऱ्या थ्रेडला 'डीमन' करू नका. खिडकी बंद केली की तो अर्ध्या ओळीवर मरतो.

थ्रेड म्हणजे वेगाची गोळी असं बरेच जण समजतात. फाइल किंवा नेटवर्कची वाट बघायची असेल तर उत्तम. पण निव्वळ मोठी आकडेमोड असेल, तर नेहमीच्या पायथॉनमध्ये एका वेळी एकच थ्रेड कोड चालवतो, त्यामुळे काम लवकर होत नाही.

जावावाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. स्विंगमध्येही पडद्याला हात लावायचा हक्क एकाच थ्रेडला असतो आणि बाहेरून निरोप द्यायला 'इन्व्होकलेटर' आहे. तिथे दोन टायमर आहेत. स्विंगचा टायमर क्लार्कच्याच रांगेत येतो, 'युटिल'मधला वेगळ्या थ्रेडवर चालतो. नाव सारखंच, त्यामुळे गफलत ठरलेली.

हा सगळा हिशेब कागदावर मांडून मी मंडळाच्या सरांकडे गेलो. त्यांनी तो परीक्षक मॅडमना दाखवला. मॅडमनी २ गुण परत दिले, मंडळाने तिसरा क्रमांक दोघींना दिला. प्रमाणपत्र यायला तीन आठवडे लागले. यंदा नवं घड्याळ लावण्याआधी मी ते माझ्या मोबाईलशेजारी ठेवून ७ मिनिटं चालवलं आणि मधे मुद्दाम सहा वेळा 'जतन करा' दाबलं. टेबलावर पितळी घंटाही असेल, मामांनी ती आधीच पुसून ठेवली आहे.