आरोग्याचा तास : रक्त तपासले म्हणजे सगळे कळते का?

आरोग्याच्या तासासाठी आम्ही प्रश्नपेटी ठेवतो. या वेळी तिच्यात एक चिठ्ठी निघाली : "रक्त तपासले म्हणजे सगळे गुप्तरोग कळतात का? आणि कळले तर घरी सांगतात का?" अक्षर नववी-दहावीतले वाटले. तासाला उत्तर अपुरे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दोन पालक "मुलांना असले कशाला शिकवता?" असे विचारायला आले. म्हणून तेच उत्तर विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी या सर्वांसाठी येथे लिहून देत आहोत.

पालकांचा आक्षेप नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. पुढे २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्राने बंदी घातली आणि कर्नाटकानेही. सीमाप्रश्नावर ज्या दोन सरकारांचे कधी जुळले नाही, त्यांचे या एका बाबतीत एकमत झाले! त्याच दशकात बेळगाव, बागलकोट, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे एचआयव्हीच्या जास्त प्रादुर्भावाचे म्हणून सरकारी यादीत होते. आपली निपाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. तंबाखूच्या व्यापाराचे गाव, ट्रकांची सततची ये-जा. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम' संस्थेबरोबर काम करणाऱ्या, स्वतः देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना, निपाणीतही, निरोध वाटणे, समजावणे, तपासणीला सोबत जाणे ही कामे केली. शाळा गप्प होत्या तेव्हा हे काम त्यांनी केले, याची नोंद शाळेच्या पत्रकात असावी असे आम्हाला वाटते.

आता तपासणीची गोष्ट. भारतात एचआयव्ही आहे हे प्रथम १९८६ मध्ये मद्रासमध्ये कळले. डॉ. सुनीती सॉलोमन या तेथील वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका. माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने सरकारी महिला सुधारगृहातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला जागा नाही म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासले. सहा नमुन्यांत दोष निघाला. तोवर "हा रोग परदेशातला, आपल्याकडे कसा येईल?" असेच सगळे म्हणत होते.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले फ्रीजपाशी थांबतात. आम्ही त्यांना दुसऱ्या ठिकाणी थांबवतो. आपले रक्त कशासाठी घेतात, हे त्या सुधारगृहातील स्त्रियांना सांगितले नव्हते. निर्मलाबाईंचे काम मोठे आहे, त्यात वाद नाही. पण आज तसे करता येणार नाही. एचआयव्हीविषयीचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका गरोदर बाईंनी एका दवाखान्यात कानडी कागदावर अंगठा दिला. कसली तपासणी झाली हे त्यांना घरी गेल्यावर शेजारणीकडून कळले. निकाल चांगला होता, पण महिनाभर त्यांना झोप नव्हती. कागद कळत नसेल तर "मराठीत सांगा" म्हणावे. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

आता चिठ्ठीतला पहिला प्रश्न. नाही, रक्तातून सगळे कळत नाही. एचआयव्ही, सिफिलिस (जुन्या लोकांच्या भाषेत गरमी) आणि ब प्रकारची कावीळ रक्तातून कळते. परमा आणि क्लॅमिडिया यांसाठी मात्र लघवी किंवा आतील स्रावाचा नमुना लागतो. स्त्रियांत हे दोन्ही बहुधा काहीच त्रास न देता राहतात आणि पुढे मूल न होण्याचे कारण ठरतात. सरकारी दवाखान्यांत लक्षणे पाहून रंगीत पाकिटांतली औषधे देण्याची पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण ज्याला लक्षणच नाही तो तिथे जाणार कशाला? तपासणीचा खरा उपयोग तेथे आहे.

दुसरे म्हणजे घाई. एचआयव्हीच्या नेहमीच्या तपासणीत शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. धोका घडल्यावर चार दिवसांत आलेला 'निगेटिव्ह' निकाल विश्वासाचा नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. उलट सिफिलिसची व्हीडीआरएल ही तपासणी कधी कधी दुसऱ्याच आजारामुळे 'पॉझिटिव्ह' येते. म्हणून तेवढ्यावरून कोणाला दोषी धरू नये, दुसरी तपासणी करून खात्री करावी.

लग्न ठरवताना पत्रिका पाहतो, शेत किती ते विचारतो. दोघांनी मिळून रक्त तपासून घ्यावे असे सुचवले की मुलीकडचेच आधी घाबरतात, "लोक काय म्हणतील?" सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. एचआयव्हीची औषधे सरकार २००४ पासून फुकट देते. ती नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो. आईला एचआयव्ही असून उपचार नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. उपचाराने हे प्रमाण ५ च्या आत येते. वेळेवर न कळणे हेच यातले नुकसान आहे.

"घरी सांगतात का?" सज्ञान व्यक्तीचा निकाल तिच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगत नाहीत. जोडीदाराला धोका असेल तर आधी समुपदेशक त्या व्यक्तीशीच बोलतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या तपासणीला पालकांची संमती लागते. मुलांनो, कोणी तुमच्यावर जबरदस्ती केली असेल तर त्यात तुमचा दोष नाही. आमच्यापैकी कोणालाही सांगा, किंवा १०९८ वर फोन करा. विश्वस्तांसाठी एक वाक्य : प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे याच कायद्याने मना आहे. त्यामुळे आपल्या प्रवेश अर्जात तसला रकाना कधीही येऊ नये.

तपासणी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत फुकट होते. बेळगावला ओळखीचे भेटतील म्हणून कोणी कोल्हापूरला जातो. तसे गेले तरी चालते. फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे.

प्रश्नपेटी कार्यालयाच्या दारात होती. ती आता ग्रंथालयात, मागच्या कपाटाशेजारी ठेवली आहे. तेथे चिठ्ठी टाकताना कोणी पाहत नाही.