सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड: काढायचे कसे, वापरायचे कसे

घरातल्या आजी-आजोबांनी सत्तरी गाठली असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांची तब्येत ठणठणीत असतानाच काढून ठेवा. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. घरात दोघे सत्तरीपुढचे असले तर ही रक्कम दोघांत मिळून. मधुमेह, रक्तदाब जुना असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. ओपीडीची तपासणी आणि रोजच्या गोळ्या मात्र यात बसत नाहीत.

आधी आधार कार्डावरची जन्मतारीख पाहा. वय धरतात ते त्यावरचेच. चूक असेल तर आधार केंद्रात दुरुस्त करून घ्या आणि चालू मोबाइल नंबरही तिथेच जोडून घ्या. बंद पडलेल्या नंबरावर ओटीपी गेला की सगळे अडते.

मग आयुष्मान अ‍ॅप उघडा, लाभार्थी म्हणून लॉगिन करा, सत्तरीपुढच्यांचा पर्याय निवडून आधार क्रमांक भरा. खरी अडचण येते ती ई-केवायसीला, म्हणजे ओळख पटवताना. जन्मभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात आणि मशीन अंगठा घेतच नाही. हात धुऊन, पुसून दुसरे बोट लावून पाहा. तरी जमेना, तर ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी निवडा. त्यासाठी तोंडावर उजेड येईल असे बसवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केंद्रावर उचलून न्यायची गरज नाही, हे घरीच होते.

केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल, तर ती किंवा हे कार्ड, एकच ठेवता येते. घाईने ठरवू नका. खासगी मेडिक्लेम असला तर अडचण नाही.

सत्तरीखालच्या दिव्यांगांना केवळ दिव्यांग म्हणून हे कार्ड मिळत नाही, आणि ते मिळायला हवे असे मला मनापासून वाटते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेची चौकशी करा. तिचे संरक्षण १ लाखापर्यंतच आहे, पण तिच्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च धरतात.

आयुष्मान कार्डावर भरती व्हायची वेळ आली की निघण्यापूर्वी १४५५५ या हेल्पलाइनवर विचारा: रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजारासाठी आहे का? हृदयाच्या उपचारांसाठी यादीत असलेले रुग्णालय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी असेलच असे नाही. तिथे पोहोचल्यावर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल गाठा, कार्ड आणि आधार दाखवा. मंजुरीचा अर्ज रुग्णालयच पाठवते. कोणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा. घरी सोडताना पुढच्या १५ दिवसांची औषधे मागून घ्या, तीही योजनेतच धरलेली आहेत.